अन्सारी मॅडमची धुलाई

अन्सारी मॅडमनी माझा बायोडेटा वाचलाच नाही. त्यांनी तो संगणकावर उघडला, चष्मा नाकावर ठेवला आणि वरच्या पट्टीतलं एक बटण दाबलं. त्यासरशी माझ्या नावापुढे, पत्त्यापुढे आणि 'संगणकाचे उत्तम ज्ञान' या माझ्या लाडक्या ओळीपुढे काळ्या ठिपक्यांच्या रांगा उमटल्या. साखर सांडल्यावर मुंग्या लागाव्यात तशा. प्रत्येक ओळीच्या शेवटी उलट्या तोंडाच्या इंग्रजी 'पी'सारखं एक चिन्ह उभं राहिलं, आणि पहिल्या पानाच्या तळाशी तर नुसत्या उलट्या 'पीं'ची उतरंड लागली होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"माझा बायोडेटा."

"नाही. हा स्पेसबारचा व्यायाम आहे."

मला तोवर ठाऊकच नव्हतं, की जन्मतारीख उजवीकडे सरकवण्यासाठी आपण स्पेसबार दाबत बसतो त्याचा एकेक ठिपका आत कुठेतरी जमा होतो आणि कोणी बटण दाबलं की चव्हाट्यावर येतो. एंटरचंही तसंच. मला 'छंद' हा मथळा दुसऱ्या पानावर हवा होता, म्हणून दुसरं पान येईपर्यंत मी एंटर दाबत गेले होते.

"पुढच्या पानावर जायचं होतं ना? मग चालत कशाला गेलीस? पेज ब्रेक नावाची गाडी आहे, एका फटक्यात पोचवते."

मी पर्स उचलून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सोमवारपासून ये. ज्ञान नाहीये, पण दमत नाहीस. एवढे एंटर दाबणारी मुलगी टिकेल."

अशी मी नाशिकमध्ये, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागले. आम्ही शेतीची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं आणि दिवाळीच्या आधी डायऱ्या काढायचो. लेखकाकडून आलेल्या फाइलचं पुस्तक करून ती छापखान्याकडे पाठवणं हा अन्सारी मॅडमचा विभाग. विभागात त्या होत्या आणि आता मी. संस्थेचे मालकसुद्धा त्यांच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करत.

घरी माझी ख्याती वेगळी होती. मराठीत एम. ए. असूनही सोसायटीच्या नोटिसा मीच टाइप करायचे, मामांची रेल्वेची तिकिटं मीच काढायचे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मंजिरीला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं." या 'सगळं'मध्ये ठळक करणं, अधोरेखित करणं आणि अक्षरं मोठी करणं एवढंच येत होतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. आईला मात्र मी ते कळू दिलं नाही.

कुलसुम अन्सारी मूळच्या मालेगावच्या. घरात यंत्रमाग होते. वडील माल उतरला की कापड आधी उलटं करून बघायचे. सुलट बाजू सगळेच चांगली दाखवतात, तुटलेले धागे आणि गाठी मागे सापडतात, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी ते जसंच्या तसं उचललं होतं. कुठलीही फाइल आली की त्यांचा पहिला हुकूम तोच असायचा, "उलटं करून दाखव." म्हणजे ते खुणांचं बटण दाब. लेखक कितीही नावाजलेला असो, त्याचे ठिपके आणि उलटे 'पी' पाहिल्याशिवाय त्या त्याच्याबद्दल मत बनवत नसत. एकदा एका थोर समीक्षकाची फाइल बघून त्या म्हणाल्या, "विचार मोठे आहेत. पण प्रत्येक परिच्छेदाच्या आधी पाच वेळा स्पेस देतो. घरात कोणी बोलायला नसणार."

फाइलशी त्या बोलत असत. तक्त्यानंतर एक कोरं पान उगीच येऊन बसायचं आणि काही केल्या जायचं नाही, तेव्हा त्या पडद्याशी वाकून विचारायच्या, "कुठून आलंस रे तू? कोणी बोलावलं तुला?" मग खुणा दाखवायच्या आणि तक्त्याखाली अडकलेला एकुलता एक उलटा 'पी' शोधून त्याचा आकार इतका बारीक करायच्या, की ते पान आपसूक नाहीसं व्हायचं. मी तोवर डिलीटचं बटण बडवून बडवून बोटाचं टोक लाल करून घेतलेलं असायचं.

ठळक अक्षरांचा त्यांना मनापासून राग होता. "सगळंच ठळक केलंस. आता सगळेच ओरडतायत. ऐकायचं कोणी?" हे त्या मला म्हणाल्या, लेखकांना म्हणाल्या आणि एकदा मालकांनाही म्हणाल्या. स्वतःच्या नावाच्या बाबतीत मात्र हा नियम त्यांना लागू नव्हता. पुस्तकाच्या आतल्या श्रेयाच्या पानावर 'निर्मिती : कुलसुम अन्सारी' ही ओळ त्या स्वतः टाकायच्या, ठळक टाकायच्या आणि छापून आलं की सगळ्यात आधी तीच तपासायच्या. मी एकदा हसले. त्या म्हणाल्या, "हसतेस काय? लेखकाचं नाव कव्हरवर असतं तेव्हा हसतेस का?"

आणि चूक. चुकीबद्दल त्या जे बोलायच्या ते आठवलं, की मला अजून गंमत वाटते. "माझ्याकडून होत नाही," त्या म्हणायच्या. बढाई म्हणून नव्हे, तर 'आज गार आहे जरा' असं म्हणावं तशा सुरात. इतक्या वर्षांत त्यांचं काम छापखान्यातून कधी परत आलेलं नव्हतं. माझं काम त्यांच्या टेबलावरून रोज परत यायचं, त्यामुळे आमच्या विभागाचा समतोल राहत होता.

मग जाधव साहेबांचं पुस्तक आलं.

रंगनाथ जाधव शेतीखात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. पिंपळगाव बसवंतला स्वतःची द्राक्षबाग. पंचक्रोशीतले बागायतदार रोग पडला की डॉक्टरला दाखवावं तसं पान खुडून त्यांच्याकडे आणायचे. आयुष्यभराचा अनुभव त्यांनी स्वतः टाइप केला होता, अनेक वर्षं, बदलत्या संगणकांवर, आणि त्या सगळ्याची जाडजूड एक फाइल करून आणून दिली होती. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पुस्तक बागायतदारांच्या हातात पडायला हवं होतं. छाटणीचा मेळावा ठरला होता, प्रकाशन तिथेच व्हायचं होतं.

त्या फाइलसारखी फाइल मी पुन्हा पाहिली नाही. मथळे कुठे लाल, कुठे निळे, कुठे अधोरेखित. इंटरनेटवरून उचललेले परिच्छेद राखाडी पार्श्वभूमीसकट येऊन बसलेले. मुद्द्यांचे क्रमांक एक, दोन, तीन असे नीट चालायचे आणि मग काय मनात येई कोण जाणे, पुन्हा एक, एक, एक. भुरी रोगाच्या प्रकरणापासून पुढे प्रत्येक पानाला गुलाबाच्या फुलांची किनार.

मॅडम दुसऱ्या विभागासाठी मुलाखतीला आलेल्यांशी बोलत होत्या, म्हणून मी म्हटलं, आपण सुरुवात तरी करू. एक मथळा डावीकडे होता. मी तो मधोमध आणला. आणि अख्खं पुस्तक मधोमध आलं. प्रत्येक ओळ, प्रत्येक परिच्छेद. त्या मथळ्याच्या आणि मजकुराच्या शैली आत कुठेतरी एकमेकींना बांधलेल्या होत्या, एकीला ओढलं की सगळ्या यायच्या. फवारणीचं वेळापत्रक कवितेसारखं दिसायला लागलं. 'कोंब फुटताना, पोंगा अवस्थेत / सायंकाळी / वारा नसताना' हे मी दोनदा वाचलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

मॅडम आल्या. बघून खुर्चीत बसल्या.

"हे काय चाललंय?"

"आपोआप झालं."

"आपोआप काही होत नाही. काय केलंस ते तुला कळलं नाही, त्याला तू आपोआप म्हणतेस." मग त्यांनी उलटं करून बघितलं, बरंच खाली जाऊन आल्या आणि मान हलवली. "याला ठिगळं लावून चालणार नाही. धुऊन टाक."

धुणं म्हणजे त्यांची खास पद्धत. मूळ फाइल बाजूला जपून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिची प्रत काढायची. प्रतीतलं सगळं एकदम निवडायचं आणि सगळी सजावट पुसून टाकायची. रंग, ठळक, तिरपं, अधोरेखित, सगळं. उरतो तो नुसता मजकूर, आंघोळ करून आल्यासारखा. मग त्याला आपल्या शैली नेसवायच्या. "सजावट ही सजावट, मजकूर हा मजकूर," त्या म्हणायच्या. "सजावट गेली म्हणून मजकुराचं काही जात नाही."

मी धुतलं. काय सुख होतं ते! एका क्षणात लाल गेलं, निळं गेलं, राखाडी गेलं. गुलाबाची किनार तेवढी चिवट निघाली. ती अक्षरांत नव्हतीच, प्रकरणं तोडणाऱ्या एका अदृश्य खुणेत दडून बसली होती, ती मॅडमनी शोधून उपटली. पुढचे कितीतरी दिवस मी मथळे मथळ्यांसारखे करत होते, तक्ते सरळ करत होते, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगत होते की मी नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षशेतीला वळण लावतेय.

जाधव साहेबांचं त्याच सुमारास मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती. त्यांनी फोन करून सांगितलं, "अन्सारी मॅडम बघतायत ना? मग मला काय काळजी नाय. छापा." पुस्तक सातपूरच्या छापखान्यात गेलं.

शुक्रवारी छापलेले पहिले मोठे कागद तपासायला आले. मॅडम नेहमीप्रमाणे लिंबाचा चहा घेऊन वाचायला बसल्या. श्रेयाची ओळ बघून झाली. मी समोर बसून माझ्या तक्त्यांच्या सरळ रेषा न्याहाळत होते. तक्ता सरळ आला की मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटतं, अजूनही.

"मंजिरी," मॅडम म्हणाल्या. "पान वर म्हणतंय हे औषध आता वापरू नका. खाली तक्ता म्हणतोय दोन मिली घ्या. कुणाचं ऐकायचं?"

मी म्हटलं, लेखकाची चूक असेल.

"मूळ फाइल उघड."

मी उघडली. त्या पानावर आले. तक्त्यातल्या त्या ओळीवर आडवी रेघ होती. खोडलेली. तिच्या खालच्या ओळीवरही. पुढच्या तक्त्यात आणखी. पुस्तकाच्या मागच्या भागात जिथे जिथे औषधांचे तक्ते होते, तिथे जाधव साहेबांनी बंदी आलेली, निर्यातीला चालत नसलेली औषधं अशी रेघ मारून खोडली होती. पुसली नव्हती, खोडली होती. आणि मजकुरावर मारलेली रेघ ही संगणकाच्या हिशेबी सजावट. लाल रंगासारखीच. आम्ही सजावट धुतली होती. खोडलेलं प्रत्येक औषध जिवंत होऊन, माझ्या सुंदर सरळ तक्त्यांत, प्रमाणासकट उभं होतं.

मॅडमनी चष्मा काढला. कोणा बागायतदाराने हे पुस्तक मानून फवारणी केली असती, तर परदेशात तपासणीत त्याचा माल नापास झाला असता. वर्षभराची बाग वाया.

"तू पाहिल्या होत्यास या रेघा?"

पाहिल्या होत्या. धुण्याआधी खाली-वर करताना ओझरत्या दिसल्या होत्या. "मला वाटलं, गुलाबांसारखंच तेही चुकून आलं असेल."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, आता माझी धुलाई. पण त्या फोनकडे वळल्या आणि छापखान्याला म्हणाल्या, "मशीन थांबवा. हो, आत्ता. छापलेलं बाजूला काढा, एक कागदही बाहेर जाता कामा नये." फोन ठेवून मालकांच्या खोलीत गेल्या. या वेळी टकटक त्यांनी केली.

परत आल्या तोवर माझी तयारी झाली होती. माझं डोकं अशा वेळी फार वेगाने चालतं. मी म्हटलं, "मॅडम, जाधव साहेबांना सांगू या की व्हायरस आला. फाइल करप्ट झाली. त्यांना काय कळणार?"

"व्हायरसला कशाला नावं ठेवतेस? त्याने काय बिघडवलंय आपलं?"

"मग मी सांगते की मी केलं. मीच केलंय."

"बटण तू दाबलंस. दाबायला मी सांगितलं. मजकुराचं काही जात नाही, हे कोण म्हणालं होतं?" त्या पर्स शोधायला लागल्या. समोरच होती, तरी त्यांना बराच वेळ सापडेना. "उद्या सकाळी पिंपळगावला जायचं. फोनवर नाही सांगायचं हे."

शनिवारी आम्ही बसने निघालो. महामार्गावर कांद्याचे ट्रॅक्टर आणि क्रेटनी भरलेले टेम्पो यांच्या मागून बस रांगत होती. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी वाटेत दोनदा विचारलं, "नक्की काय सांगायचं?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "जे झालं ते." मला हे उत्तर फारच अपुरं वाटत होतं. मी मनात एक लांबलचक प्रस्तावना तयार केली होती, तिच्यात 'तांत्रिक' हा शब्द सात-आठदा येत होता.

जाधव साहेब ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते. धिप्पाड माणूस, आवाज दणदणीत. "या या! छापलं का? आणलंय का?"

मॅडम बसल्या नाहीत. उभ्या राहूनच म्हणाल्या, "साहेब, तुमचं पुस्तक मी बिघडवलं. तुम्ही खोडलेली औषधं माझ्या हातून परत आली. काही कागद छापून झालेत. मशीन थांबवलंय, बाहेर काही गेलेलं नाही."

बस, एवढंच. माझ्या प्रस्तावनेला कुठे जागाच उरली नाही.

साहेबांचा चेहरा काळ्या चष्म्यामुळे कळत नव्हता. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग आवाज चढला. "लोकं माझ्या शब्दावर औषध मारत्यात! माहितीय का तुम्हाला? माझ्या शब्दावर!" अधिकाऱ्याची भाषा गेली, गावची आली. "लय मोठं नाव सांगत होते तुमचं. अन्सारी मॅडमच्या हातात फाइल म्हंजे डोळे मिटायचे. मी डोळे मिटले, अन् हे?"

मॅडम ऐकत राहिल्या. मान खाली घातली नाही. मी मात्र ओट्याच्या कडेची फरशी पाठ केली.

ते थकले, तेव्हा मॅडमनी हळूच विचारलं, "साहेब, एक विचारू? काढायचीच होती, तर पुसून का नाही टाकलीत? रेघा का मारल्या?"

आतून त्यांच्या सूनबाईंनी पाण्याचे ग्लास आणून ठेवले. मग साहेब एकदम हळू बोलायला लागले.

"ही सगळी औषधं मीच सांगितली होती लोकांना. गावोगाव भाषणं केली. तेव्हा चालत होती. नंतर नियम बदलले, मला कळायला उशीर झाला. आमच्याच शिवारात एकाचा कंटेनर परत आला. तो मला काही बोलला नाय. अजून रामराम घालतो. पण मी पुसलं असतं, तर मी कधी सांगितलंच नव्हतं असं झालं असतं ना? म्हणून रेघ मारली. मला दिसत राहायला पायजे होतं."

मॅडम आता बसल्या. पाणी प्यायल्या. "मग काढायचं कशाला? छापू या."

"काय?"

"खोडलेली औषधं. रेघेसकट. शेजारी लिहू, का बंद केलं, कशामुळे, त्याऐवजी काय. तुमच्यासारख्या अजून किती लोकांनी ती सांगितली असतील. कुणाच्या कोठीत डबे पडून असतील. तुम्ही नुसतं गाळलंत, तर त्यांना कळणार कसं?"

"लोक हसतील. म्हणतील, याचंच चुकलेलं यानेच छापलं."

"हसू देत. मी आत्ता तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही हसलात का?"

साहेबांनी चष्म्याआडून त्यांच्याकडे पाहिलं असावं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, लिहायला काय आणलंय?"

मी लॅपटॉप उघडला. ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. एकेक औषध, एकेक कारण. कुठे अडले की डोळे मिटून आठवायचे. जेवणं तिथेच झाली. मॅडम मधूनमधून म्हणायच्या, "साहेब, हे वाक्य लांब झालं. बागेत उभं राहून वाचणार माणूस." दुपार उतरायला लागली, तेव्हा एक नवं प्रकरण तयार होतं. त्याचं नाव साहेबांनीच सांगितलं, 'मी सांगितलेली, आता वापरू नका अशी औषधं'. मी ते टाइप केलं आणि सवयीने अधोरेखित करायला गेले. मॅडमनी माझ्या हातावर चापट मारली. निघताना त्या साहेबांना म्हणाल्या, "श्रेयाच्या ओळीत आता दोन नावं येतील. माझं आणि हिचं. माझं जरा मोठं."

पुस्तक मेळाव्याला वेळेवर पोचलं. भाषणं चालू असताना पहिल्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने ते मागून उघडलं आणि रेघांच्या पानावर बोट ठेवून शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाला, "आरं, ह्याचा एक डबा आपल्याकडं हाय की!" भाषण करणारे पाहुणे थांबले. जाधव साहेब व्यासपीठावरूनच ओरडले, "असला तर उद्या माझ्याकडं घेऊन या! कुणी मारायचा नाय!" लोक हसले. साहेबही हसले. मॅडम मागच्या रांगेत बसून श्रेयाचं पान तपासत होत्या.

त्यानंतर मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली. धुण्याची पद्धत आम्ही सोडली नाही, पण धुण्याआधी मॅडम आता प्रत्येक फाइलला विचारायच्या, "यातलं काय मुद्दाम आहे?" लेखकांना फोन करून विचारायच्या, "हे तिरपं का केलंत? हे हिरवं का?" बहुतेकांना ते का केलं ते आठवत नसे. एका कवीने मात्र तासभर समजावलं. फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "कळलं नाही. पण मुद्दाम आहे. राहू दे."

मीही चुकत राहिले. दिवाळी डायरीत मी एकदा फेब्रुवारीला तीस दिवस दिले. छापखान्यात जायच्या आधी माझ्या लक्षात आलं, हे जरी खरं असलं, तरी तारखांचे आकडे खाली ओढताना संगणकाने आपोआप दिलेला तिसावा दिवस मी सुबक चौकटीत बसवला होता, हेही खरं. मी सरळ मॅडमच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. काढ तो दिवस." आणि चहा प्यायला लागल्या. मला वाटलं होतं, काहीतरी जास्त बोलतील.

निवृत्त झाल्यावर त्या मालेगावला भावाकडे राहायला गेल्या. फोन करायच्या. मी नवीन पुस्तक पाठवलं की श्रेयाच्या पानापासून वाचायला सुरुवात करून चुका कळवायच्या. गेल्या वर्षी फोन कमी झाले, मग भाऊच बोलायला लागले. थंडी संपता संपता त्या गेल्याचा निरोप आला. दफन झालेलं होतं. मी पुढच्या रविवारी मालेगावला गेले.

घराच्या मागून मागांचा खटखटाट येत होता. भाऊ बोलण्यातले नव्हते, त्यांनी मला आत नेऊन बसवलं. त्यांच्या पत्नी, मॅडमच्या भाभी, चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"आप मंजिरी हो ना? वो अंगूर की किताबवाली?"

मी हो म्हटलं. माझी कीर्ती इथवर पोचली होती. मला वाटलं, आता त्या घरात बसून मला ती सगळी कथा ऐकावी लागणार, आणि ती ऐकावी लागलीच. सगळं निवडणं, पुसणं, गुलाब, व्हायरस. व्हायरससुद्धा. भाभी सांगताना मधेच हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मग त्या थांबल्या.

"उस इतवार को आपा घर आईं, तो खाना नहीं खाया," त्या म्हणाल्या. "हम समझे, तबीयत खराब है. शाम को मुझसे बोलीं, 'आज तक मेरा काम मशीन से वापस नहीं आया था.' और रो पड़ीं. मैंने उन्हें कभी रोते नहीं देखा था, अब्बा गए तब भी नहीं."

त्या शनिवारी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले होते. येताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी नवीन प्रकरण किती छान झालंय ते सांगत होते.

"फिर मुँह धोया, चाय माँगी," भाभी म्हणाल्या. "और खुद ही बोलीं, 'अच्छा हुआ उस लड़की के सामने हुआ. बहुत डरती है गलती से, झूठ सोचने लगती है. अब उसने देख लिया. गलती के बाद आदमी मरता नहीं, पिंपलगाँव जाता है.'"